ओकीचोबी: वाऱ्याच्या आड, गवताच्या आत

गुरुवार, संध्याकाळ

फ्लोरिडातल्या क्लुइस्टन गावात शिरलं तरी सरोवर कुठे दिसत नाही. दोन्ही बाजूंना ऊस, काळीभोर जमीन आणि रस्त्याच्या कडेने सोबत करणारा एक लांबच लांब हिरवा चढ. हा हर्बर्ट हूवर बांध. ओकीचोबी सरोवराला जवळजवळ सगळीकडून वेढणारा, सुमारे २३० किलोमीटर लांबीचा मातीचा बांध. १९२८च्या चक्रीवादळात वाऱ्याने सरोवराचं पाणी दक्षिणेकडे लोटलं, तेव्हाचे ठेंगणे बांध फुटले आणि किमान अडीच हजार माणसं बुडाली. त्यानंतर १९३०च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी हा मोठा बांध घालायला घेतला.

हा इतिहास मासे गरवायला येणाऱ्यानेही लक्षात ठेवावा, कारण त्यातच या पाण्याचा स्वभाव आहे. सरोवराचं क्षेत्रफळ १,८०० चौरस किलोमीटरच्या वर, आणि सरासरी खोली जेमतेम पावणेतीन मीटर. एवढ्या पसरट, उथळ पाण्यावर वारा म्हणेल ते होतं.

"सामान नंतर काढू, आधी वर चल," दादा म्हणाला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. फ्लोरिडातच राहतो, बोट त्याची, आणि या सरोवरावर त्याची वर्षं गेली आहेत. बांधावर चढलो तर समोर उघडं पाणी नव्हतंच. बांधाच्या पायथ्याशी कालवा, त्यापलीकडे गवत, लव्हाळी, पाणकणसं, कमळांचे पट्टे, मधून मधून पाण्याच्या वाटा. पश्चिमेच्या बाजूने ही दलदल साधारण ४०० चौरस किलोमीटर पसरली आहे. मोकळं पाणी पार क्षितिजाजवळ, करड्या रेघेएवढं. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं की सरोवर तिकडे आहे. आम्ही ज्याच्यासाठी आलो तो बास मासा मात्र इकडे आहे, या हिरव्या भागात.

पूर्वेचा वारा चांगलाच होता. दादाने पाण्याकडे न बघता गवताच्या शेंड्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "उद्या गवताची बाहेरची कड विसरायची."

रात्री दांड्या लावून ठेवल्या. आम्ही पाण्याच्या पृष्ठभागावरच खेळायचं असं ठरवून आलो होतो, म्हणून बुडणारं एकही लूर, म्हणजे नकली आमिष, काढलं नाही. एका दांडीला पात्याने पाणी घुसळणारं बझबेट, एकीला काठीसारखं लांबट लूर, तिसरीला पाण्यावर आवाज करणारं पॉपर आणि चौथीला पोकळ रबरी बेडूक. बेडकाची दांडी सव्वासात फुटांची, ताठ; रिळावर ६५ पौंडांची विणलेली दोरी. दाट गवतातून मासा बाहेर खेचायचा तर तिथे नाजूकपणा चालत नाही. पॉपरला मात्र साधी नायलॉनची एकपदरी दोरी, मोनो. फ्लुरोकार्बनची दोरी पाण्यात बुडते आणि लूरचं नाक खाली ओढते. मोनो जवळजवळ तरंगत राहते, शिवाय थोडी ताणली जाते, त्यामुळे तिहेरी गळ माशाच्या तोंडातून फाटून निघत नाही.

परवाना मी घरूनच काढला होता. फ्लोरिडाबाहेरच्यांना गोड्या पाण्याचा तीन दिवसांचा परवाना १७ डॉलरला आणि सात दिवसांचा ३० डॉलरला मिळतो. आम्हाला सात दिवसांचाच सोयीचा होता.

शुक्रवार

उजाडायच्या आधी बोट पाण्यात. इंजिन सुरू करण्यापूर्वी दादाने बंद-कळीची दोरी स्वतःच्या जॅकेटला अडकवली. २०२१पासून अमेरिकेत २६ फुटांखालच्या बोटी वेगात चालवताना ही दोरी अंगाला अडकवण्याचा नियम आहे. चालक पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद पडतं. या सरोवरात पाण्याखाली खुंट, खडक, वाळूचे उंचवटे कुठेही असतात. कायदा नसता तरी मी ती अडकवली असती.

बाहेरच्या कडेला एकदा जाऊन आलोच, मला बघायचं होतं म्हणून. दुधाळ चहाच्या रंगाचं पाणी, हात बुडवला की मनगटापाशी बोटं दिसेनाशी. मधल्या भागात तळाशी अतिशय बारीक गाळ आहे. वारा लाटा करतो, लाटा तळापर्यंत पोचतात, गाळ उठतो आणि वारा थांबला तरी लवकर बसत नाही. गाळामुळे उजेड तळाशी जात नाही, उजेड नसला की पाण्याखालचं गवत उगवत नाही, आणि गवत नसलं की गाळाला धरून ठेवणारं काही राहत नाही. २००४ आणि २००५च्या वादळांनी इथलं गवत मुळासकट उपटलं होतं, तेव्हा हे चक्र किती वाईट फिरतं ते सगळ्यांनी पाहिलं.

म्हणून इथे मासा शोधायचा नसतो, स्वच्छ पाणी शोधायचं. त्यातही पाण्यावरचं लूर खेळायचं असेल तर दुसरा मार्ग नाही. बास खालून वर बघतो. त्याला लूरचा रंग फारसा दिसत नाही. दिसते ती उजळ आकाशावरची काळी आकृती. शिवाय अंगाच्या बाजूने जाणाऱ्या पार्श्वरेषेने त्याला पाण्यातली थरथर कळते. गढूळ पाण्यात थरथर कळते, पण नेम चुकतो. गाळाने भरलेल्या कडेला पाणी फोडून चार बोटं बाजूला झडप घालणारे मासे दादाने पुष्कळ पाहिले आहेत.

अंकल जोज कट नावाच्या वाटेने आत वळलो. बुलरश या उंच लव्हाळ्याच्या पहिल्या भिंतीमागे पाणी अजून मळकट, दुसऱ्या पट्ट्यामागे हिरवट, आणि त्याच्या मागे, जिथे किसिमी गवत आणि पाण्याखालचं ईलग्रास दाट आहे, तिथे चहा गाळून घ्यावा तसं निवळ. सरळ रेषेत दोनशे मीटरसुद्धा अंतर नसेल. मी बोटीच्या कडेवरून वाकून बघत राहिले. गवताची पाती एका दिशेला कललेली, त्यांच्यातून बोटभर लांबीची पिल्लं इकडून तिकडे, आणि तळावरची वाळू स्वच्छ दिसत होती. वाऱ्याचा आवाज वरून चालूच होता, पाणी मात्र हलत नव्हतं.

पहाटेच्या त्या अर्ध्या उजेडात बझबेट. हे लूर थांबवता येत नाही. थांबलं की बुडतं. पातं पाणी घुसळत यायला हवं आणि तेही शक्य तितकं सावकाश. काळा रंग, कारण अंधुक आकाशावर काळ्याएवढं ठळक काही दिसत नाही. गवताच्या बोळांमधून ते ओढत आणायचं, एखाद्या लव्हाळ्याला हलकेच घासू द्यायचं. पहिली झडप अगदी लव्हाळ्याच्या बुडाशी झाली. मोठा आवाज नाही, नुसता ओठ मिटल्यासारखा बारीक चुटका, आणि लूर गायब. पावणेदोन पौंडांच्या आसपासचा नर निघाला. शेपटीच्या खालच्या कडा घरटं साफ करून झिजलेल्या. फ्लोरिडात बासचा विणीचा हंगाम हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत चालतो. मादी अंडी घालून निघून जाते. घरट्याची आणि नंतर पिल्लांच्या थव्याची राखण नर करतो. मे महिन्यात असे उशिरा सुटलेले नर पृष्ठभागावर काहीही वळवळलं तरी अंगावर येतात. त्याला फार वेळ बाहेर न ठेवता जिथे धरला तिथेच सोडला, म्हणजे पिल्लं उघडी पडत नाहीत.

ऊन वर आल्यावर बझबेटला कोणी विचारेना. दुपार आम्ही फक्त पाहण्यात घालवली: कुठे वारा अडतो, कुठे कमळ आहे, कुठल्या वाटा दोन्हीकडून उघड्या आहेत. लव्हाळ्यांच्या देठांवर गोगलगायींच्या अंड्यांचे भडक गुलाबी घोस होते. ही बाहेरून आलेली अ‍ॅपल गोगलगाय. इथल्या मूळ जातीची अंडी पांढरी आणि संख्येने थोडी असतात. स्नेल काइट ही दुर्मीळ घार याच गोगलगायींवर जगते. एक मादी आमच्या डोक्यावरून पायात गोगलगाय धरून गेली आणि खुंटावर बसून आकडेदार चोचीने मांस ओढून काढू लागली. तिच्या घरट्याच्या शक्यतेने दादाने बोट तिथून लांब नेली.

संध्याकाळी वारा थोडा पडला, पण पावसाळ्यापूर्वीच्या बिनचावऱ्या चिलटांचे ढग उठले. चावत नाहीत, मात्र तोंड उघडायची सोय ठेवत नाहीत. लवकर परतलो.

शनिवार

हा दिवस मला पुन्हा हवा आहे, तसाच.

रात्रीतून वारा पूर्ण मेला होता. मंकी बॉक्सकडे जाईपर्यंत पूर्वेला तांबूस झालेलं. मंकी बॉक्स हा मूर हेवन गावाच्या बाजूचा, गवताने चहूकडून वेढलेला उथळ भाग. पाणी कमरेएवढं, काही ठिकाणी गुडघ्याएवढं. दादाने इंजिन बरंच अलीकडे बंद केलं आणि पुढच्या विजेच्या मोटरवर आत घेतलं. इतक्या उथळ पाण्यात बोटीच्या तळावर पेटी सरकवली तरी तो आवाज माशापर्यंत जातो.

आज काठीसारखं लांबट लूर. त्याला स्वतःची काहीच हालचाल नसते. सगळं मनगटाने द्यायचं. दांडीचं टोक पाण्याकडे, दोरी सैल, मग हलका झटका, लगेच पुन्हा सैल. सैल दोरीमुळे लूर डावीकडे घसरतं, पुढच्या झटक्याला उजवीकडे. ताण राहिला तर ते सरळ ओढलं जातं आणि सगळं फुकट. जमलं की ते जागच्या जागी डोकं हलवत, फारसं पुढे न येता, जखमी माशासारखं पाण्यावर फिरतं. एकदा लय सापडली की हाताला आपोआप कळतं.

गवताच्या दोन बेटांमधल्या मोकळ्या पट्टीत शॅड मासे उडत होते. चांदीच्या पात्यांसारखे चार-पाच वर, मग शांत, मग थोडं पुढे पुन्हा. त्यांच्याखाली काहीतरी होतं. लूर त्यांच्या पलीकडे टाकलं, तरंग विरेपर्यंत हलवलं नाही. दोन झटके. थांबले. पुन्हा दोन.

पाणी फुगलं. फुटलं नाही, आधी फुगलं. लूरच्या मागे एक घुमट उठला आणि तसाच पाठोपाठ येऊ लागला.

"थांबू नकोस," दादा दबक्या आवाजात म्हणाला. "पळतंय असं वाटू दे त्याला."

वेग जरासा वाढवला. घुमट जवळ आला आणि लूर एकदम हवेत, त्याच्याखाली अख्खा मासा, पोटापर्यंत बाहेर. लूर बाजूला पडलं. अशा वेळी सगळं अंग म्हणतं की ओढ. हात आवरून लूर तसंच पडू दिलं. तीन-चार श्वास. एक झटका दिला न दिला तोच ते आत खेचलं गेलं, आणि या वेळी दांडीला वजन आलं.

मासा दोनदा वर उडाला, दोन्ही वेळा डोकं झाडत. मोनोची ताण तिथेच कामाला येते. मग तो ईलग्रासमध्ये घुसला आणि गवताचा भारा डोक्यावर घेऊन बोटीपाशी आला. काट्यावर सहा पौंडांना थोडा कमी. हात ओले करून, एक हात जबड्यात आणि दुसरा पोटाखाली, आडवा धरला. नुसत्या जबड्याने उभा टांगला तर मोठ्या माशाच्या जबड्यावर सगळं वजन येतं. पाठ गडद हिरवी, कडेचा काळा पट्टा तुटक, तोंडाचा कोपरा डोळ्याच्याही मागे गेलेला. हा फ्लोरिडा बास. तो उत्तरेकडच्या लार्जमाउथची उपजात मानला जाई. २०२२मधल्या जनुकीय अभ्यासानंतर वेगळी जात ठरला आणि मायक्रोप्टेरस साल्मॉइडीज हे जुनं नाव त्याच्याकडे आलं. उत्तरेकडचा आता मायक्रोप्टेरस निग्रिकान्स. फ्लोरिडाचा बास जास्त मोठा होतो, म्हणून त्याला कॅलिफोर्निया, टेक्सासपर्यंत नेऊन सोडलं आहे. इथे मात्र तो आपल्या घरी आहे, आणि ते बघायला मिळणं मला मोठं वाटतं.

फ्लोरिडाच्या ट्रॉफीकॅच योजनेत आठ पौंडांपासून पुढचे मासे नोंदवता येतात, काट्यावरचं वजन दिसेल असा फोटो काढून मासा परत सोडायचा या अटीवर. आपला त्यात बसणारा नव्हता. पाण्यात धरल्यावर त्याने दोन-तीनदा कल्ले उघडले, मग शेपटीचा फटका माझ्या मनगटावर मारून गेला. रोज पाच बास ठेवायची परवानगी आहे, त्यातला एकच १६ इंच किंवा त्याहून लांब. आम्ही एकही ठेवला नाही.

त्यानंतर ऊन डोक्यावर येईपर्यंत त्या पट्टीने आम्हाला भरभरून दिलं. दादाला एक चांगला लागला तो पहिल्याच उडीत गळ झाडून गेला. दादाने नुसतं "जा बाबा" म्हटलं आणि पुन्हा टाकलं.

दहानंतर सावल्या आखूड झाल्या तसा मासा छपराखाली गेला. छप्पर म्हणजे कमळाची पानं आणि त्यांच्यामध्ये साचलेलं तरंगतं गवत. आता बेडूक. त्याचे दोन्ही गळ वर वळलेले आणि अंगाला चिकटलेले असतात, त्यामुळे ते गवतावरून घसरतं, अडकत नाही. मासा चावला की रबर दबतं आणि गळ उघडे पडतात. पानावर टाकायचं, पानावरून सरकवायचं, आणि दोन पानांमधल्या थाळीएवढ्या भोकात आलं की थांबायचं. जागच्या जागी थरथरवायचं, बस.

बेडकावरची झडप बाकी सगळ्यांपेक्षा वेगळी. खालून स्फोट होतो, पानं उलटतात, आणि त्या क्षणी मासा गळाला लागलेला नसतो. त्याने बेडूक गवतासकट तोंडात घेतलेलं असतं. दादा दर वेळी माझ्या मागून म्हणत होता, "थांब गं. थांब. वजन येऊ दे." दोरी एका बाजूला चालू लागली, हाताला ओझं जाणवलं, की मग दोन्ही हातांनी, पूर्ण ताकदीने, आणि माशाचं डोकं वर आलं की त्याला खाली जाऊच द्यायचं नाही. काही झडपा बोफिनच्या निघाल्या. हा दात असलेला, प्राचीन वंशाचा मासा पोहण्याच्या पिशवीने हवाही श्वासात घेतो, म्हणून दुपारच्या गरम, कमी प्राणवायूच्या पाण्यातही दमत नाही. बरेचजण त्याला नावं ठेवतात. मला त्याची झुंज आवडली.

एक मगर, इथली अ‍ॅलिगेटर, साधारण बोटीच्या निम्म्या लांबीची, आमच्या लूरच्या आवाजाने जवळ आली. दादाने लगेच सगळ्या दोऱ्या गुंडाळायला लावल्या आणि आम्ही जागा सोडली. या राज्यात मगरींना खायला घालणं गुन्हा आहे, आणि गळाला लागलेला मासा तिला मिळू देणं म्हणजे तिला बोटींची सवय लावणं. ती सवय शेवटी तिच्याच जिवावर बेतते.

तीनच्या सुमारास पश्चिमेला ढग चढले. फ्लोरिडात हे ढग पाहून आणखी एक टाकू असं म्हणायचं नाही. सपाट पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे आपण आणि आपल्या हातातली कार्बनची दांडी. पहिली गडगड ऐकू आली तेव्हा आम्ही धक्क्याला होतो.

रविवार

सकाळ छोटी. पावसाने हवा धुतली होती, वारा दक्षिणेचा, हलका.

दादाला कडक तळाची एक जागा ठाऊक होती. पोलराइज्ड चष्म्यातून दिसलं: ब्लूगिल या लहान माशांची घरटी, एकमेकांना खेटून गोल गोल खळगे, मधाच्या पोळ्याला असतात तसे. ब्लूगिल इथे वसंतापासून उन्हाळाभर पुन्हा पुन्हा विणीला येतात आणि अशा वसाहतीभोवती मोठा बास फिरत असतोच. इथे पॉपर. हा लूर थोड्या जागेत जास्त काम करतो. खळग्यांच्या कडेला टाकून एकच पॉप, म्हणजे ब्लूगिल पृष्ठभागावरचा किडा चोखतो तेवढाच आवाज. मग थांबायचं. शेपटीच्या गळाला बांधलेली पिसं त्या थांबण्यातही हलत राहतात आणि बहुतेक मासे तेव्हाच घेतात. जोरजोराने खळखळ करणाऱ्यांना मी पाहिलं आहे. उथळ, स्थिर, निवळ पाण्यात तो आवाज माशाला हाकलतो.

मोठा असा नाही लागला, पण जे लागले ते सगळे अशा थांबण्यातच. एका माशाने तर पॉपर इतक्या अलगद घेतलं की पाण्यावर फक्त एक वर्तुळ उरलं.

परत येताना दादा पातळीबद्दल बोलत होता. इथली पातळी समुद्रसपाटीपासून फुटांत मोजतात. दलदलीसाठी साधारण १२ ते १५ फूट बरी. खूप दिवस त्याच्या वर राहिली तर पाण्याखालच्या गवताला उजेड मिळत नाही, ते मरतं, आणि वारा गाळ थेट आतपर्यंत आणतो. खूप खाली गेली तर दलदल कोरडी. शेतीला पाणी हवं, शहरांना हवं, बांधावर ताण नको, आणि जास्तीचं पाणी कलुसाहॅची आणि सेंट लुसी नद्यांत सोडलं तर तिथल्या खाड्यांचं नुकसान. २०२४पासून पाणी सोडण्याची नवी पद्धत लागू झाली आहे. हे कोणाला तरी रुक्ष कारभाराचं बोलणं वाटेल. शुक्रवारी गढूळ पाण्यातून निवळ पाण्यात शिरल्यावर मला ते तसं वाटत नाही. ते ईलग्रास राहिलं तर शॅड राहील, ब्लूगिल राहील आणि पाण्यावरच्या लूरला अर्थ राहील.

धक्क्यावर बोट वर घेतली. ट्रेलरच्या चाकांत, मोटरच्या पंख्यात हायड्रिला या पाणवनस्पतीचे तुकडे अडकले होते. एवढासा तुकडा दुसऱ्या तळ्यात पडला तरी तिथे रुजतो, म्हणून सगळे हाताने काढून टाकले, बोटीतलं पाणी काढलं, पेट्या उघड्या ठेवून वाळवल्या. दादा म्हणाला, "पावसाळाभर पातळी १५च्या खाली राहिली तर ऑक्टोबरात ये. हार्नी पाँडच्या बाजूचं गवत बघू." मी बेडकाची दांडी त्याच्याकडेच ठेवून आले.